गेले कसं बांधतात? (कोणीही गेलेलं नाही, घाबरू नका)

सुगरणपक्षी (धागाकर्ती)

कंसातल्या खुलाशाचं कारण आधी सांगते. परवा माळ्यावरच्या बॅगेत माझं लागोसचं गेले सापडलं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझे गेले'. फोटो उघडायच्या आत साताऱ्याहून काकांचा फोन. "अगं, जावई तर सकाळी ऑनलाइन दिसत होते!"

तर गेले म्हणजे योरुबा बायका लग्नाकार्यात डोक्याला बांधतात ते कापड. नायजेरियाचा नैर्ऋत्य कोपरा हा योरुबांचा मुलूख. लागोस, इबादान, आबेओकुटा ही त्यांची शहरं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं लागोसला होतो.

धागा काढायचं निमित्त भाची. तिच्या कॉलेजच्या फॅशन शोमध्ये 'आफ्रिकन राउंड' आहे. मुलींनी बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड आणि लाकडी मणी असं ठरवलंय. मी म्हटलं, बाई गं, मी चार वर्षांत एकाही लग्नात बिबट्या पाहिला नाही. मग तीच म्हणाली, आत्या, तुझं ते डोक्यावरचं दे ना. द्यायला माझी ना नाही. पण ते टोपीसारखं डोक्यावर ठेवता येत नाही, बांधावं लागतं, आणि मला स्वतःला धड बांधता येत नाही. चार वर्षांत एकूण सहा वेळा बांधलं, सहाही वेळा दुसऱ्या कोणीतरी.

पहिली वेळ सांगते. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. महिनाभर आधी तिने अशो एबीचं कापड हातात ठेवलं. म्हणजे यजमानांनी ठरवलेलं एकाच रंगाचं कापड, जवळच्या सगळ्यांनी त्याचेच कपडे शिवायचे. वर बुबा (ढगळा ब्लाउज), खाली इरो (कमरेला गुंडाळायचं कापड), खांद्यावर इपेले आणि डोक्यावर गेले. लग्नाच्या शनिवारी सकाळी सातला मी तिच्या घरी हजर. एका खोलीत अकरा बायका, एक आरसा, वीज गेलेली, बाहेर जनरेटर धडधडतोय. गेले बांधणारी तिची मावशी. तिला सगळ्या आंटी म्हणत होत्या, मीही म्हटलं.

आंटीने मला स्टुलावर बसवलं, कापडाची कड भुवयांच्या दोन बोटं वर धरली आणि म्हणाली, धर. मी धरली. तिने दोन्ही टोकं मागे नेऊन अशी आवळली की माझ्या भुवया वर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत. फोटोत मी दिवसभर आश्चर्यचकित दिसतेय. मग पुढची दहा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. फक्त तिची बोटं आणि त्या कापडाची करकर. शेवटी दोन पावलं मागे जाऊन तिने मान तिरकी केली, एक चुणी अर्धं बोट वर सरकवली आणि म्हणाली, "यू डोन सेट!" (म्हणजे, झालीस तयार!)

गाडीत बसताना ते छताला लागलं. थर्ड मेनलँड ब्रिजवरच्या गो-स्लोमध्ये (लागोसमध्ये ट्रॅफिक जॅमला हेच म्हणतात) मी पाऊण तास मान वाकडी करून बसले होते.

तर प्रश्न असा, की इथे कोणाला बांधता येतं का? आणि भाचीने ते घालणं बरोबर की चूक, यावरही बोला.

---

टवाळ पोपट

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! आत्तापर्यंत 'डोक्यावरून गेले' हे मी गणिताच्या पेपरबद्दलच म्हणत होतो.

---

उंबरठा

मस्त लिहिलंय. भुवयांचं वाचून नऊवारीचा काष्टा आवळणारी माझी आत्येसासू आठवली. श्वास घेऊ का, विचारलं तर म्हणायची, मंगलाष्टकं संपल्यावर घे.

पण बांधायची कृती तर लिहा! कापड किती लागतं?

---

सुगरणपक्षी

कृती पाहिलेली आहे तेवढी लिहिते. कापड साधारण दोन वार लांब. आधी केस चापून बांधून वर पातळ टोपी, नाहीतर कापड सरकतं. मग लांब कडेला चार बोटांची दुमड घालायची, ती कपाळावर येते. कान अर्धे झाकायचे, पूर्ण झाकले तर चेहरा आजारी दिसतो (आंटीचं मत). एक टोक आखूड ठेवायचं, एक लांब. दोन्ही मागे नेऊन आवळायची, लांब टोक परत पुढून फिरवून आणायचं आणि मागे पक्की गाठ.

इथवर ते आपल्या मुंडाशासारखंच दिसतं. खरी कला पुढे. पुढचे थर बोटांनी एकेक करून उकलायचे, निऱ्या काढायच्या, पंख्यासारखे उघडायचे आणि दिसणार नाहीत अशा टाचण्या मारायच्या. माझ्या काळात इतक्या बारीक आणि इतक्या सारख्या निऱ्यांची फॅशन होती की लांबून ते कापड न वाटता शिंपला वाटायचा.

कापडावर सगळं अवलंबून. पार्टीला बहुतेक सेगो. त्यात चकाकणारा धागा असतो आणि ते पतंगाच्या कागदासारखं वाजतं. एकदा मोड पडली की जात नाही, म्हणून बांधणारीला चुकायची मुभा नाही. दमास्कचंही बांधतात. आणि सगळ्यात मानाचं हातमागाचं, असो ओके.

---

बोरूबहाद्दर

चार वर्षं राहिलात म्हणून टोकतो, राग मानू नका. 'असो' नव्हे, 'अशो'. योरुबा लिपीत एसच्या खाली टिंब असतं, त्याचा उच्चार श. अशो म्हणजे कापड, ओके म्हणजे डोंगर किंवा वरचा मुलूख. लागोसच्या किनारपट्टीवरच्यांना ते घाटावरून येणारं कापड. अशो एबीतलं एबी म्हणजे कुटुंब. ते तुम्ही बरोबर लिहिलंत. शिवाय योरुबात स्वरांचे तीन सूर असतात, आणि गेलेतले दोन्ही स्वर खालच्या सुरात. म्हणजे तुमच्या काकांनी ऐकलं त्या सुरात नाहीच.

---

सुगरणपक्षी

असो. ;)

(सुधारणा मान्य. बोलताना शच करायचे, लिहिताना मराठी हात आडवा आला.)

---

धोटा

अशो ओकेचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं घर सोलापुरात, आजोबांचे माग होते, त्यामुळे जगात कुठे काय विणतात हे बघायचा नाद आहे.

या कापडाची गंमत अशी की ते रुंद विणतच नाहीत. जेमतेम चार इंची पट्टी, पण लांबच्या लांब. मग पट्ट्या कापून कडेला कड शिवायची. गेलेच्या पन्ह्याला पाच-सहा पट्ट्या लागतात. विणकर मागावर बसतो आणि ताण्याचे धागे त्याच्यासमोर अंगणात कितीतरी लांबवर ताणलेले असतात. दुसऱ्या टोकाला घसरगाडीसारखी फळी, तिच्यावर दगड. जसं कापड विणून होतं तशी ती दगडाची गाडी मातीतून सरकत जवळ येते. आमच्याकडे ताणा तुरीवर (मागाच्या आडव्या रुळावर) गुंडाळतात, तिथे अंगणच तूर.

इसेयिन हे त्याचं नावाजलेलं गाव, ओयो राज्यात. जुने मानाचे प्रकार तीन. सान्यान, हा जंगली रेशमाचा, खाकी-बदामी. आपल्या टसरचा भाऊच म्हणा. अलारी हा किरमिजी. एतू गडद निळीचा, इतका गडद की काळाच वाटावा. एतू म्हणजे गिनी कोंबडी, तिच्या पिसांवरून नाव. हे पट्टीचे माग पूर्वी पुरुषांचे, बायकांचे माग उभे आणि रुंद. आता बायकाही पट्टी विणतात, आणि सूत-रेशमाच्या जागी रेयॉन आणि चमकी आली. खरं सान्यान मिळणं अवघड झालंय.

आमच्या चादरीचं जे झालं तेच. पण निदान तिथे लग्नात अजून मागणी आहे.

---

शंकासुर

माहिती छान. पण मला एक कळत नाही. सेगो कारखान्यातलं. लेस म्हणे स्वित्झर्लंडची. अँकारा, म्हणजे ते मेणछपाईचं रंगीत कापड, डच कंपन्यांनी जावाच्या बाटिकची नक्कल करून आफ्रिकेत विकलं. मग यात पारंपरिक काय राहिलं? आपण उगाच 'परंपरा परंपरा' म्हणत डोळे पाणावतो.

---

जहाजी

शंकासुर, तुमच्या शंकेत आमचं पोट होतं. तीस वर्षं बोटीवर काढली, पश्चिम आफ्रिकेची बंदरं पुष्कळ केली.

लेस स्वित्झर्लंडचीच नाही, ऑस्ट्रियाचीही. तिथे फोरार्लबर्ग नावाचा चिमुकला प्रांत आहे, त्यात लुस्टेनाऊ गाव. १९६०च्या दशकापासून तिथले भरतकामाचे कारखाने नायजेरियासाठी लेस काढत आलेत. आल्प्सच्या पायथ्याशी बसून लागोसच्या बायकांना यंदा कुठला रंग हवा याची चिंता करणारे कारखानदार! २०१०मध्ये व्हिएन्नाच्या संग्रहालयात यावर प्रदर्शनही झालं.

आता आपल्या अंगणात या. नायजर नदीच्या मुखाशी कालाबारी लोक आहेत. त्यांच्याकडे बारसं असो की मयत, मद्रासचं चौकड्यांचं सुती कापड लागतंच. त्याला ते म्हणतात इंजिरी. इंडियावरूनच आलेला शब्द. व्यापारात त्याचं नाव 'रिअल मद्रास हँडकरचीफ'. आणि इग्बो बायका ज्या भारी कापडाला जॉर्ज म्हणतात, ते नाव मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जवरून पडलं म्हणतात.

सेनेगलला डाकारसमोर गोरे बेट आहे. अठराव्या शतकात तिथे आणि सेंट लुईला सिन्यार नावाच्या श्रीमंत व्यापारी बायका होत्या. त्यांची जुनी चित्रं पाहा, डोक्यावर शंकूसारखं उंच बांधलेलं कापड. तिकडे वोलोफ भाषेत डोक्याच्या कापडाला मुसोर म्हणतात. घानात डुकू, तो डच शब्दावरून. हाउसांमध्ये दनक्वाली, इग्बोंत इचाफू. म्हणून भाचीबाईंना सांगा, 'आफ्रिकन' नावाचं काही नसतं. गावाचं नाव विचारायचं.

कापड कुठून येतं याला माझ्या लेखी महत्त्व नाही. आमच्या आजोबांचा कोशा फेटा तरी कुठे कोकणात पिकला होता?

---

कडवा वाल

जहाजीकाका, +१. मद्रासच्या त्याच चौकड्या अटलांटिक ओलांडून गेल्या. १७८६ साली लुईझियानात स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने फतवा काढला, की आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र बायकांनी केस मिरवायचे नाहीत, डोक्याला तिन्यों म्हणजे रुमाल बांधायचा. हेतू हा, की त्या गोऱ्या बायकांपेक्षा खालच्या दिसाव्यात. बायकांनी रुमाल बांधले, पण भारी, रंगीत, ऐटीत बांधलेले. गव्हर्नरला हवं होतं त्याच्या नेमकं उलट झालं. मार्टिनिकला तर त्या कापडाच्या टोकांवरून हिशोब लावतात. एक टोक म्हणजे मन मोकळं, दोन म्हणजे गुंतलेलं, तीन म्हणजे लग्न झालेलं, चार म्हणजे झालंय पण अजून एकाला जागा आहे.

आणि नायजेरियातच राहायचं तर फुन्मिलायो रॅन्सम-कुटी. आबेओकुटाची, इंग्लंडमध्ये शिकलेली मास्तरीण. १९४०च्या दशकात बाजारातल्या बायकांवरच्या करांविरुद्ध उभी राहिली आणि विलायती झगे टाकून कायमचं योरुबा लुगडं आणि डोक्याचं कापड धरलं, म्हणजे भाजीवाल्या बायकांना ती आपल्यातली वाटावी. हजारो बायका राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. १९४९मध्ये राजाला काही काळ गादी सोडून जावं लागलं. (गायक फेला कुटीची ही आई. आईची ओळख मुलावरून करून दिल्याबद्दल क्षमस्व.)

---

टवाळ पोपट

चौथं टोक कुठे विकत मिळेल?

---

उंबरठा

पोपटराव, वहिनी हा धागा वाचतात का?

सुगरणपक्षी, योरुबांतही असं काही असतं का? टोकावरून ओळखायचं वगैरे?

---

सुगरणपक्षी

म्हणतात खरं, की टोक उजवीकडे झुकलं तर लग्न झालेली, डावीकडे तर बिनलग्नाची. आंटीला विचारलं तर म्हणाली, तुझी कुठली बाजू बरी दिसते तिकडे झुकवते.

शंकासुर, तुमच्या प्रश्नावर मी रात्री बराच वेळ विचार केला. योरुबांची एक म्हण आहे. गेले असण्यात गोडी नाही, ते बांधता येण्यात आहे. आणि बांधता येण्याहूनही मोठं म्हणजे ते शोभणं. या म्हणीत कापड कुठलं, किती महाग, कोणी विणलं याला जागाच नाही. पहिल्याच पायरीवर कापड मागे पडतं. म्हणून मला वाटतं, तुम्ही परंपरा कापडात शोधताय आणि ती त्या खोलीतल्या स्टुलावर असते.

आणि ते स्थिर तर मुळीच नाही. जुने फोटो पाहा. ओजेइकेरे नावाचे लागोसचे छायाचित्रकार होते (२०१४मध्ये वारले). त्यांनी १९६८पासून बायकांच्या केशरचना टिपल्या, बहुतेक पाठमोऱ्या, हजाराच्या आसपास, आणि गेलेही. शहरात उंच इमारती उठल्या तसा एका केशरचनेला 'ओनिले गोगोरो' नाव पडलं, म्हणजे उंच घराची मालकीण. डोक्यावर काय चाललंय ते बघून शहरात काय चाललंय ते कळायचं.

---

शंकासुर

स्टूल मान्य. पण मग त्या अशो एबीचं काय? ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं? यजमानाने कापड ठरवायचं आणि पैसे पाहुण्यांनी द्यायचे, हा तर उलटा आहेर झाला.

---

सुगरणपक्षी

इथे मात्र तुमच्या बाजूने. कापड फुकट नसतं, आणि पुष्कळदा घाऊक भावापेक्षा चढ्याने मिळतं, वरचे पैसे लग्नखर्चाला. बालोगुन मार्केटमध्ये तेच कापड कितीला पडतं हे सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही. एका वर्षी मला नोव्हेंबर-डिसेंबरात पाच लग्नांची कापडं आली. दोन घेतली, तिसरीला 'भारतात जातेय' म्हणून खोटं सांगितलं आणि त्याच शनिवारी ती मला भाजीबाजारात भेटली. ती फक्त हसली. पुढे दोन महिने ऑफिसात मला कोणी जोलोफ राइस आणून दिला नाही.

वर शिंपी, वर गेले बांधणारीचे पैसे. त्या ओवांबेत, म्हणजे मोठ्या जेवणावळीत, एक मेकअपवाली गेले बांधायला बसलेलीच असते. आपल्याकडे लग्नात फेटेवाला बसतो तशी. वऱ्हाडी रांगेत.

---

ह्यूस्टनची मैना

इथे ह्यूस्टनमध्ये नायजेरियन खूप. सेगुन गेले हे नाव ऐकलंय का? तो पुरुष आहे, इथलाच, आणि गेले बांधणं हाच त्याचा धंदा आणि प्रसिद्धी. माझ्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नात त्याच्या पद्धतीने बांधलेले गेले पाहिले. गुलाबच ते, पाकळ्या मोजून घ्या.

पण शेजारीण स्वतः ऑटो-गेले घालते. तयार, शिवलेलं, मागे वेलक्रो. टोपीसारखं चढवायचं, दोन मिनिटांत काम. भाचीला तेच का नाही मागवत? मी शिवलेली नऊवारी घालते, मला काही लाज वाटत नाही.

---

उंबरठा

शिवलेली नऊवारी म्हणजे झब्ब्याला धोतर म्हणण्यातला प्रकार. (पळाले!)

---

ह्यूस्टनची मैना

पळा. गुढीपाडव्याच्या मिरवणुकीत काष्टा सुटला की मला फोन करा.

---

बोरूबहाद्दर

धाग्याचा काश्मीर होण्याआधी मूळ प्रश्नावर या. भाचीने घालावं की नाही? हल्ली दुसऱ्यांचा पोशाख घालण्यावरून केवढा गदारोळ होतो.

---

सुगरणपक्षी

मीही हेच मनात घेऊन बसले होते. मग सरळ त्या ऑफिसातल्या मैत्रिणीलाच विचारलं. भाचीचा फोटो पाठवला, शोबद्दल लिहिलं, तुला चालेल ना म्हणून विचारलं. तिने उलट एकच विचारलं. "बांधणार कोण?"

मी म्हटलं, मी. त्यावर तिने नुसते हसून लोळणारे चेहरे पाठवले, एकोणीस. मग व्हिडिओ कॉल लावला. काल रात्री अडीच तास ती लागोसहून 'डावीकडचं टोक, अगं डावीकडचं' म्हणून ओरडत होती. मध्ये तिच्याकडची वीज गेली, ती अंधारात नुसत्या आवाजावर सांगत राहिली. सेगोला आता तीन कायमच्या मोडी पडल्यात. चौथ्या वेळी जमलं, म्हणजे कोबीसारखं दिसलं. ती म्हणाली, कोबी चालेल, कोबीचीही फॅशन येऊन गेलीय.

भाची बिबट्या सोडून साधा निळा बुबा आणि इरो घालणार आहे. निवेदिकेने 'आफ्रिकन क्वीन' लिहिलं होतं, ते खोडून 'योरुबा लग्नातली पाहुणी' करून घेतलं. शो शनिवारी आहे.

---

धोटा

शनिवारनंतर ते कापड घडी घालून ठेवू नका. घडीवर धागा तुटतो.

---

सुगरणपक्षी

मग कसं ठेवू? आत्तापर्यंत घडीच होती माळ्यावर.

---

धोटा

पुठ्ठ्याची नळी घ्या, कापडाच्या दुकानात फुकट देतात. तिच्यावर जुना सुती पंचा, त्यावर हे सैल गुंडाळा. पैठणी अशीच ठेवतात. वर्तमानपत्र लावू नका, शाई उतरते. टाचण्या मात्र सगळ्या आठवणीने काढा, गंज धरला की डाग जात नाही.

---

सुगरणपक्षी

नळी आणली. टाचण्या चौदा मारल्या होत्या, तेरा सापडल्यात. चौदावी भाचीच्या डोक्यात असणार, सकाळी बघते.